हळदीत वाजवायचंय, खिशात २२ हजार – पहिला कंट्रोलर कोणता घेऊ?

बोनकोडेकरीण | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय तर सांभाळून घ्या.

मी कोपरखैरणेची, मूळची बोनकोडे गावातलीच, म्हणजे आमच्याकडे वर्षाला दोन-तीन हळदी ठरलेल्या आणि प्रत्येक हळदीत मी नाचायचं सोडून डीजेवाल्याच्या टेबलाशेजारी उभी, हा आता कुठलं बटण दाबतोय ते बघत. आता नोकरी लागलीये, आठ महिन्यांत २२ हजार बाजूला काढलेत आणि मला हे शिकायचंय. धंदा वगैरे नाही, निदान आत्ता तरी नाही.

घरी सांगितलं ‘मी डीजे घेतेय’ तर बाबांचा पहिला प्रश्न, ‘आणि टेम्पो कुठं उभा करणार?’ त्यांच्या डोळ्यासमोर डायरेक्ट बेसची भिंत आणि जनरेटर. मग मोबाईलवर कंट्रोलरचा (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायची चाकं-बटणांची पाटी) फोटो दाखवला तर म्हणाले हा तर कॅसिओ.

असो. दोन आठवडे व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय. पायोनियरचा एफएलएक्स-४ सगळे सांगतात पण तो तीस हजारांच्या पुढे जातोय. डीडीजे-२०० स्वस्तात दिसतोय, हर्क्युलिसचा इनपल्स २०० आहे, न्यूमार्कचा पार्टी मिक्स आहे (त्याला लाइटी पण आहेत, भाऊ म्हणतो हाच घे). माझ्याकडे पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, विंडोज. एक ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाईलचे इअरफोन. बस. काय घेऊ?

घोडबंदर_लूप | मंगळवार, रात्री ११:५८

एफएलएक्स-४. विषय संपला. अजून तीन-चार महिने थांब, पैसे साठव आणि तोच घे. पुढे कुठल्याही क्लबात गेलीस तर समोर पायोनियरचे सीडीजे (क्लबातले मोठे प्लेअर) असणार आणि गाणी रेकॉर्डबॉक्स या त्यांच्याच सॉफ्टवेअरमधूनच पेन ड्राइव्हवर काढून न्यावी लागणार, मग सुरुवातीपासून त्याच घरात राहिलेलं बरं. शिवाय हा सेराटो या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरवर पण चालतो. बाकी सगळी खेळणी आहेत.

निवांत_नेरूळ | बुधवार, सकाळी ८:१०

लूपभाऊ, तिला हळदीत वाजवायचंय आणि तुम्ही तिला क्लबात नेऊन बसवलंत सकाळ व्हायच्या आत.

ताई, मॉडेलचं नाव बाजूला ठेव, आधी एकच गोष्ट समजून घे, ती कळली की निम्मी यादी आपोआप गळते. डीजे म्हणजे लोकांना एक गाणं ऐकू येतंय तेव्हा तुला कानात दुसरं गाणं ऐकू आलं पाहिजे. याला क्यू करणं म्हणतात. त्यासाठी आवाज बाहेर पडायला दोन वेगळ्या वाटा लागतात, एक स्पीकरकडे जाणारी आणि एक तुझ्या हेडफोनकडे. लॅपटॉपला साधारण एकच वाट असते. म्हणून कंट्रोलरच्या पोटात स्वतःचं साउंड कार्ड लागतं, जे या दोन्ही वाटा काढून देतं.

आता तू जो डीडीजे-२०० बघितलास त्यात साउंड कार्डच नाही. ती फक्त बटणांची पाटी आहे, आवाज लॅपटॉपमधून किंवा फोनमधूनच निघतो आणि मग एक फाटा असलेली वायर लावून एका बाजूचा आवाज हेडफोनला, दुसऱ्या बाजूचा स्पीकरला असं करावं लागतं, म्हणजे दोन्हीकडे मोनो. घरी बसून शिकायला चालून जाईल पण मांडवात नेलास तर साउंडवाला तुझ्याकडे बघून हसेल. स्वस्त आहे त्याचं कारण ते आहे.

आणि हो, पैसे खर्च करायच्या आधी एक महिना मिक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून बघ, इंग्रजीत शेवटी तीन एक्स आहेत त्याला. ओपन सोर्स आहे, पूर्ण फुकट. कीबोर्डवरून चालतं. लॅपटॉपला चार-पाचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लाव, ते पेन ड्राइव्हएवढं येतं, सेटिंगमध्ये स्पीकर एका कार्डावर आणि हेडफोन दुसऱ्या कार्डावर दे, झाली की तुझी दोन वाटांची सोय पाचशेत. महिनाभरात कंटाळा आला तर २२ हजार वाचले. व्हर्च्युअल डीजेही हौसेपुरतं फुकट आहे, पण कंट्रोलर जोडला की लायसनचं झेंगट सुरू होतं.

वायरमन७२ | बुधवार, दुपारी २:२५

पोरी, तुझ्या बाबांचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हेच, डीजे म्हणजे सामान. ‘डीजे आला का’ विचारलं की लोक टेम्पोकडे बघतात, माणूस मागून चालत येतो.

मी कोपरीचा. साउंडच्या धंद्यात तीस वर्षं काढली, आता गुडघे गेले म्हणून दुकान मुलाकडे. आम्ही सुरुवात केली दोन कॅसेट डेक आणि एका अहुजाच्या अ‍ॅम्पवर. पुढचं गाणं शोधायचं तर कॅसेट रेनॉल्ड्सच्या पेनावर गोल फिरवायची, वीज वाचवायला नाही हो, डेकचा रिवाइंडचा पट्टा कायम तुटलेला असायचा. त्यामुळे आजचं काहीही मला महागच वाटतं.

दोन गोष्टी सांगतो. एक, तो ब्लूटूथ स्पीकर विसर. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोके) गाण्याचा एक ठोका म्हणजे अर्धा सेकंद, पाचशे मिलिसेकंद. म्हणजे तुझ्या कानात ठोका पडला तेव्हा स्पीकरमधला ठोका अजून तिसरा हिस्सा लांब आहे. तू कानाने जुळवशील आणि बाहेर मात्र घोडे उधळलेले. नवीन पोरं महिनाभर डोकं आपटतात की माझंच चुकतंय, मशीन खराब आहे, आणि दोष त्या ब्लूटूथचा असतो. हेडफोनही वायरचाच, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला. मोबाईलचे इअरफोन बेससमोर उभं राहिल्यावर काही कामाचे नाहीत.

दुसरं, स्पीकर आत्ता विकतच घेऊ नकोस. माळ्यावर जुना होम थिएटर पडलाय का बघ. मागे लाल-पांढरी आरसीए भोकं असतील आणि वर ऑक्स लिहिलेलं असेल तर तोच तुझा स्पीकर.

बोनकोडेकरीण | बुधवार, रात्री ९:०५

काका माळ्यावर होम थिएटर निघाला!! मागे लाल-पांढरी भोकं आहेत. आईने त्यात गणपतीच्या लाइटच्या माळा भरून ठेवल्या होत्या. एक स्पीकर फाटलाय पण बाकीचे वाजतायत.

निवांतदादा, मिक्स टाकलं. दोन गाणी एकत्र वाजवली. भयानक वाटलं ऐकायला, पण रात्री दीड कधी वाजला कळलं नाही.

एक अडाणी प्रश्न, सिंक नावाचं बटण आहे ते दाबलं की दोन्ही गाणी आपोआप जुळतात, मग कानाने शिकायची भानगड कशाला?

मिक्सरवाली | बुधवार, रात्री १०:३०

(नाव बघून हसू नका, किचनमधला मिक्सर आणि हा मिक्सर दोन्ही एकाच ओट्यावर असतात माझ्या घरी)

सिंकवर लूपभाऊ निबंध लिहितीलच, मी माझी पैसे वाया घालवल्याची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यात छोटा, सगळ्यात स्वस्त मिळेल तो कंट्रोलर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, माझ्याच अकलेचा दोष होता. साउंड कार्ड होतं त्यात, लाइटी होत्या, सगळं होतं. पण टेम्पोची पट्टी, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करायची, होती माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. आता हिशोब बघा, १०० बीपीएमचं गाणं, पट्टीची रेंज वर-खाली आठ टक्के म्हणजे एकूण १६ बीपीएम, ते तीन सेंटिमीटरमध्ये कोंबलेले. म्हणजे बोट एक मिलिमीटर हललं की अर्धा बीपीएम इकडचा तिकडे. आणि अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला तर मिनिटभरात गाणी अर्धा ठोका लांब जातात. मी जुळवायची, हात काढायची, हात काढताना पट्टी हलायची. चार महिने असं केलं. मग मला वाटलं आपल्याला तालाचा कानच नाही आणि विकून टाकला अर्ध्या किमतीत. नंतर मैत्रिणीच्या मोठ्या कंट्रोलरवर पंधरा मिनिटांत जुळलं!! रडायलाच आलं.

म्हणून पॅड (बोटाने ठोकायची बटणं) किती, लाइट किती, इफेक्ट किती ते नंतर. आधी पट्टीची लांबी आणि ती गोल चाकं हाताला कशी वाटतात ते बघ.

घोडबंदर_लूप | बुधवार, रात्री १०:५२

+१ पट्टीबद्दल. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ साली आला, पण १९७९ च्या एमके-टू मॉडेलमध्ये त्यांनी गोल खुंटीच्या जागी ती उभी लांब सरकपट्टी दिली आणि ती इतकी सोयीची निघाली की आजचा प्रत्येक कंट्रोलर तिचीच नक्कल आहे. रेंज तीच, आठ टक्के. म्हणजे मुळात हे यंत्रच त्या पट्टीभोवती उभं आहे आणि स्वस्तातले लोक नेमकी तीच छाटतात.

सिंकबद्दल. वापर की, कोण अडवतंय. मी वापरतो. टेक्नो वाजवतो त्यामुळे सगळं मशीनवर बनलेलं, १३२ म्हणजे १३२, शेवटपर्यंत. सिंक कधी चुकत नाही. उगाच शुद्धतेचं सोवळं कशाला.

खाडीकाठ | बुधवार, रात्री ११:२०

लूपभाव तुमचं बरं हाय, तुमची गाणी मशीननं बनवलेली. आमची माणसांनी बनवलेली हायत.

ऐक गो बाय, मी दिव्याचा, हळदीच वाजवतो, सीझनला आठवड्यातून तीन-तीन. आपली जुनी कोळीगीतं, जुनी मराठी-हिंदी गाणी स्टुडिओत समोरासमोर बसून वाजवलेली, कानात टिकटिक देणारा क्लिक ट्रॅक वगैरे भानगड नव्हती. ढोलकीवाला मुखड्याला ९८ वर असतो, अंतऱ्याला रंगात आला की १०१, शेवटी १०३. सॉफ्टवेअर काय करतं, सगळ्या गाण्याला एकच मापाची जाळी टाकतं, बीटग्रिड म्हणतात तिला. सुरुवातीला जाळी बरोबर बसते आणि दोन मिनिटांनी ठोका एकीकडे, जाळी दुसरीकडे. तिथं सिंक दाबलंस तर सिंक जाळीला जुळवणार, गाण्याला नाय. समोर नाचणारे दीडशे लोक एकदम थांबतात आणि तुझ्याकडे बघतात. तो क्षण लय वाईट असतो, मी बघितलाय.

दुसरं, सॉफ्टवेअर सगळं चार-चारच्या हिशोबात मोजतं. केरवा चालतो त्यात, आठ मात्रांचा असतो. पण दादरा आला, सहा मात्रांचा, की पहिली मात्रा कुठली तेच त्याला कळत नाय. म्हणजे लूप (तोच तुकडा फिरवत ठेवणं) लावायला गेलीस चार ठोक्यांचा तर गाणं लंगडतं. सहाचा लूप हातानं लावावा लागतो. आणि कधी कधी गाणं ८५ चं असतं आणि स्क्रीनवर १७० दाखवतं, ते दुपटीचं घोळ वेगळंच.

म्हणून कान पाहिजे. तुला जे वाजवायचंय त्याला सिंकचा उपयोग कमी आणि लांब पट्टी, चांगलं चाक आणि हेडफोन यांचाच उपयोग जास्त.

आणि कुणी बोललंच नाय – माईक! हळदीत अर्धा वेळ गाणं असतं आणि अर्धा वेळ ‘नवऱ्याच्या मामांनी मांडवात यावं’. धवलारीण धवले (लग्नाची पारंपरिक गाणी) गायला बसली की गाणं पूर्ण बंद करून माईक तिच्या हातात द्यावा लागतो, त्या वेळी बेस चालू ठेवणारा डीजे मी आजवर मार खाताना बघितलाय. माईकची पिन असलेलाच कंट्रोलर घे.

वायरमन७२ | गुरुवार, सकाळी ७:१५

माईकचं बरोबर पण एक सुधारणा. मांडवात सगळे आवाज एकत्र करणारा मोठा मिक्सर असतोच साउंडवाल्याचा, माईक थेट त्यात लावायचा, कंट्रोलरमधून फिरवून आणायची गरज नाही. कंट्रोलरचा लॅपटॉप हँग झाला तर गाणं बंद होतं ते होतं, निदान माईक तरी चालू राहतो आणि ‘दोन मिनिटं थांबा’ एवढं तरी सांगता येतं. लॅपटॉप हँग होतोच कधी ना कधी.

घोडबंदर_लूप | गुरुवार, सकाळी ९:४०

दादऱ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. काल रात्री एक जुनं गाणं टाकून बघितलं रेकॉर्डबॉक्समध्ये, खाडीकाठ म्हणतायत तसंच झालं, जाळी दुसऱ्या कडव्यापर्यंत भलतीकडे. ठीक आहे, माझं ‘विषय संपला’ मागे घेतो.

मग नवीन एफएलएक्स-४ परवडत नसेल तर त्याच्या आधीचा डीडीजे-४०० जुना बघ. २०१८ चं मॉडेल. साउंड कार्ड आहे, माईकची पिन आहे, आरसीए आउट आहे, पट्टी लांब आहे, वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीवरच चालतो. जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (लाइव्ह वाजवायचा) फुकट उघडतो. एफएलएक्स-४ आल्यावर बऱ्याच लोकांनी ४०० विकायला काढले. सेराटोला तो अधिकृतपणे चालत नाही एवढंच, पण तुला काय फरक पडतो.

बोनकोडेकरीण | गुरुवार, रात्री ८:३०

ठाण्यात वर्तकनगरला एकाने जाहिरात टाकलीये, डीडीजे-४००, सतरा हजार मागतोय, बॉक्स आहे, बिल आहे, ‘घरीच वापरलेला’ लिहिलंय. शनिवारी जाऊ का बघायला? काय काय तपासू? मला तर बटणं दाबून लाइट लागली की बास वाटेल.

वायरमन७२ | गुरुवार, रात्री ९:१०

‘घरीच वापरलेला’ सगळेच लिहितात. टेम्पोवाले सुद्धा.

एकटी जाऊ नको, भावाला ने. स्वतःचा लॅपटॉप ने, स्वतःचा हेडफोन ने, सॉफ्टवेअर आधीच घरून टाकून जा, तिथे जाऊन वायफायचा पासवर्ड मागत बसू नकोस. मग अशा क्रमाने –

डाव्या डेकवर गाणं लाव, फेडर (आवाजाची उभी पट्टी) वर, आणि क्रॉसफेडर (दोन डेकच्या मधली आडवी पट्टी) पूर्ण उजवीकडे सरकव. आता बाहेर शांतता पाहिजे, एकदम मेल्यासारखी. मागे बारीकसं गाणं ऐकू आलं तर क्रॉसफेडर झिजलाय. तसंच उलट बाजूने. मग प्रत्येक फेडर अगदी हळू खालून वर ने, करकर आवाज आला तर धूळ आहे, ती स्प्रेने जाते, पण मध्येच आवाज गायब होऊन परत आला तर पट्टी गेलीये.

चाकाच्या वरच्या पत्र्याला बोट टेकवलं की गाणं थांबलं पाहिजे, काढलं की लगेच सुटलं पाहिजे. पाच-सहा वेळा कर. पॅड एकेक दाब, एकदा दाबल्यावर दोनदा वाजतं का बघ. हेडफोनची पिन खोचून जराशी हलव, एका कानातला आवाज गेला तर सोल्डर सुटलंय. आणि यूएसबीची वायर पाठीमागे हलकेच हलव. तिथे डिस्कनेक्ट झालं तर किंमत विचारू पण नकोस, उठून ये, कारण ते मांडवातच होणार आहे.

मिक्सरवाली | गुरुवार, रात्री ९:३५

मी वर्तकनगरचीच आहे ताई, हवं तर येते सोबत. आणि कुठलाही माणूस बघायच्या आधी ‘ॲडव्हान्स टाका, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणाला तर एक रुपया पाठवू नकोस, माझ्या नणंदेचे तीन हजार असेच गेलेत मोबाईलच्या वेळी.

बोनकोडेकरीण | शनिवार, रात्री १०:१५

घेतला!!!

सगळं सविस्तर सांगते. मी आणि भाऊ कोपरखैरणेहून ट्रेनने ठाण्याला, नऊ नंबरवर उतरलो तर मिक्सरवाली ताई आधीच सॅटिसच्या (स्टेशनबाहेरचा पूल) जिन्याखाली उभ्या. विकणारा माझ्याच वयाचा मुलगा, नोकरीसाठी बाहेरगावी चाललाय. आईने आम्हाला पोहे दिले. (त्याच्या आईने, माझ्या नाही.)

काकांनी सांगितल्या क्रमाने सुरू केलं. क्रॉसफेडर उजवीकडे, शांतता. डावीकडे, शांतता. मला एवढा आनंद झाला की तो मुलगा म्हणाला ‘ताई अजून गाणं वाजलंच नाहीये’. फेडर ठीक, पॅड ठीक. मग उजव्या डेकची टेम्पो पट्टी हळू सरकवली तर अगदी मध्यावर, जिथे ती जराशी अडकते आणि शून्य होते, तिथे स्क्रीनवरचा आकडा थरथरत होता, ०.० वरून ०.१, परत ०.०, हात न लावता. त्याला दाखवलं. तो म्हणाला हे मला कधी जाणवलंच नाही. खरंच नसेल जाणवलं, कारण डेकची बाकीची पट्टी गुळगुळीत आणि तेवढा एकच बिंदू घासलेला, म्हणजे पट्टी कायम मध्येच ठेवून हा सिंकवर वाजवायचा!

भावाने तेवढ्यावर धरलं आणि सतरावरून १४,५०० ला सौदा ठरला. येताना हेडफोन घेतला, मागून बंद असलेला, वायरचा, २,४०० ला, आणि आरसीए टू आरसीए, आरसीए टू पी-३८ (मिक्सरला लागणारी जाड पिन) अशा दोन वायरी ४५० ला. एकूण १७,३५०. उरले ४,६५०.

त्या थरथरीचं काही करता येतं का काका?

वायरमन७२ | शनिवार, रात्री १०:४०

०.१ ने काही बिघडत नाही, काँटॅक्ट क्लीनर मार आणि पन्नास वेळा वर-खाली कर, बहुतेक जाईल. लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, ठाण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. साधं तेल किंवा गंजाचा स्प्रे मारू नको, आतलं प्लॅस्टिक खातो.

आणि दोन्ही वायरींच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळ आजच. मांडवात वायर सगळ्यांची सारखीच दिसते.

निवांत_नेरूळ | रविवार, सकाळी ११:००

उरलेल्या ४,६५० चे इफेक्टबिफेक्ट घेऊ नकोस, गाणी घे. यूट्यूबवरून खेचलेलं गाणं मोबाईलवर बरं वाटतं पण मोठ्या सिस्टीमवर टाळ-झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे ऐकू येतात. ३२० केबीपीएसच्या फाइल विकत घे नाहीतर घरच्या सीड्या असतील तर त्या काढ. दोनशे गाणी बास झाली, पण त्या दोनशेंची सुरुवात कशी, ढोलकी कुठे थांबते, किती मात्रांनी परत येते, हे पाठ पाहिजे. आणि प्रत्येकाची ग्रिड हाताने तपास, पहिल्या ठोक्यावर पहिली रेघ.

हो, आणि लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्सच्या सेटिंगमध्ये बफर (आवाज बाहेर पडायच्या आधी किती साठवायचा ते) बघ. ५१२ वर ठेव. ४४.१ किलोहर्ट्झला ते जेमतेम १२ मिलिसेकंद होतं, हाताला कळत नाही. फार कमी केलास तर जुना लॅपटॉप फटफट आवाज काढेल.

बोनकोडेकरीण | पाच आठवड्यांनी, सोमवार, रात्री ११:५०

धागा वर आणतेय.

रोज ऑफिसनंतर तास-दीड तास केलं. पहिले दोन आठवडे शेजारच्या काकूंनी भिंतीवर ठोकलं, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दार वाजवून फर्माईश केली. स्क्रीनवर कागद चिकटवून बीपीएमचे आकडे झाकले (ही खाडीकाठदादांची आयडिया, मेसेजमध्ये सांगितलेली), आता साध्या केरव्याची दोन गाणी वीस-पंचवीस सेकंदांत कानाने जुळतात. दादऱ्यात अजून पडते.

आणि काल गोठिवलीला खाडीकाठदादा वाजवत होते त्या हळदीत त्यांनी मला संध्याकाळी ७ ते ७:३० दिलं, लोक जेवायला बसायच्या आधी, ‘चुकलीस तरी कुणाचं लक्ष नसतं’ म्हणून.

टेबलवर लॅपटॉप ठेवला, वायर मिक्सरला लावली आणि सगळ्या मांडवात घूंऽऽऽ. गाणं नाही काही नाही, नुसती घूं. माझे हात गार. मला वाटलं कंट्रोलर गेला. दादा शांतपणे आले, लॅपटॉपच्या चार्जरची पिन उपटली आणि घूं बंद! म्हणजे चार्जरमधूनच येत होती. मग अर्धा तास बॅटरीवर वाजवलं, ४१ टक्के होती, एक डोळा गाण्यावर आणि एक बॅटरीवर.

चौथ्या गाण्याला आत्याने ‘जेवलीस का’ मेसेज टाकला आणि तो टिंग पूर्ण मांडवात दोन्ही टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) वाजला. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू होतं. आत्या समोरच उभी होती.

पण दोन गाणी अशी जुळली ना की मलाच कळलं नाही कुठे पहिलं संपलं. समोर तीन लहान मुली आणि एक आजोबा नाचत होते, ते थांबले नाहीत. बास. बाबा लांब खुर्चीत बसून बघत होते. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, ‘टेम्पो लागत नाही म्हणजे.’

वायरमन७२ | मंगळवार, सकाळी ७:०५

शाब्बास. ती घूं अर्थिंगची, चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोन अर्थमधून फेरा होतो. दोन्ही एकाच बोर्डवर लाव, बहुतेक वेळा जाते. नाहीच गेली तर आरसीएच्या मध्ये लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो. कुणी सांगेल की चार्जरची अर्थची पिन कापून टाक. तसलं काही करू नको, मांडवातली वायरिंग काय लायकीची असते मला माहितीये.

निवांत_नेरूळ | मंगळवार, सकाळी ९:२०

विमान मोड, ताई, विमान मोड. आणि विंडोजचे आवाज ‘नो साउंड’वर.

तसं दहाच्या आत आटपलं ना सगळं? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि सरकारने सूट दिली तरी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सणासुदीला १२ पर्यंत. हळद त्यात बसत नाही. पोलीस आले की पहिला हात कंट्रोलरवरच टाकतात, छोटा आणि उचलायला सोपा म्हणून.

खाडीकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

दहाला पाच मिनिटं कमी असताना बंद केलं, मी तेवढा शहाणा झालोय आता. पोरीनं चांगलं वाजवलं. तिसऱ्या गाण्याला बेस दोन्हीकडचा एकदम चालू ठेवला होता, गढूळ झालं, एकाचा बेस कापून मग दुसऱ्याचा सोडायचा, ते पुढच्या वेळी बघू.

बोनकोडेकरीण | मंगळवार, रात्री १०:०२

पुढच्या वेळी!! म्हणजे पुढची वेळ आहे!

दादा एक विचारायचं राहिलं, माझी आरसीए टू पी-३८ वायर सापडत नाहीये, बॅग तीनदा उपसली. पिवळी टेप आहे दोन्ही टोकांना.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

माझ्या पेटीत हाय. शनिवारी तळवलीला हळद हाय, साडेसहाला ये, वायर घेऊन जा. लॅपटॉप पण आण. चार्ज करून.